किनाऱ्यावरच्या घरात लहान जातीचे पिल्लू : वेळ आणि ठिकाण यांचा विचार

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर लहान जातीचे कुत्रे पाळण्याची हौस गेल्या काही दशकांत चांगलीच रुजली असून, तारकर्ली-देवबागची निवास-न्याहारीची घरे, कुडाळ-कणकवलीतील नव्या सदनिका आणि मुंबईतील नोकरी संपवून गावी परतलेल्या जोडप्यांची जुनी कौलारू घरे अशा सर्व ठिकाणी पग, शिह त्झू किंवा स्पिट्झ जातीची कुत्री दिसू लागली आहेत. पिल्लू कधी आणावे आणि कोठून आणावे, हे या हौसेतून उभे राहणारे दोन मुख्य प्रश्न होत. व्यवहारात बहुधा आधी दिवस ठरतो, म्हणजे मुलाचा वाढदिवस, चतुर्थी किंवा मे महिन्याची सुट्टी; आणि मग त्या दिवसापर्यंत जो कोणी पिल्लू हाती देईल त्याच्याकडून ते घेतले जाते. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केला तर मात्र असे दिसते की, पिल्लाचे वय आणि किनाऱ्यावरचा पाऊस यांचा मेळ घातल्यावर आणण्याची वेळ आपोआप ठरते, आणि त्या वेळेपर्यंत पिल्लाला आईपाशी ठेवायला जो राजी असतो त्याच्याकडूनच ते घेणे शहाणपणाचे असते.

‘लहान जात’ ही संज्ञा येथे पूर्ण वाढ झाल्यावर साधारण दहा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या जातींसाठी वापरली आहे. त्यांतही चिवावा किंवा खरा पॉमेरेनियन यांसारख्या, तीन-साडेतीन किलोंच्या आत राहणाऱ्या जातींना ‘टॉय’ म्हणजे अतिलहान जाती म्हणतात, तर पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो आणि डॅशहुंड या त्यांहून अंगाने भरलेल्या असतात. ‘टीकप’ या नावाने जे पिल्लू चढ्या भावात विकले जाते, ती कोणत्याही मान्य संस्थेने नोंदलेली जात नव्हे. वेतातले सर्वांत अशक्त किंवा सांगितल्यापेक्षा कमी वयाचे पिल्लू पुष्कळदा त्या नावाखाली खपवले जाते. महाराष्ट्रात ‘पॉमेरियन’ म्हणून जो पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा निदान दोन पिढ्यांच्या ओळखीचा आहे तो वस्तुतः इंडियन स्पिट्झ होय, आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी हा त्याच जातीचा होता. पुढे २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग घराघरांत पोहोचला आणि त्या जातीला देशभर एकाएकी मागणी आली. पडद्यावरून आलेली अशी मागणी काही महिन्यांत वाढते, तर कुत्रीला वेत पुरे करायला आणि पिल्लांना आईपाशी वाढायला लागणारा काळ तोच राहतो. हे अंतर भरून काढण्यासाठी जी घाई होते तिच्यातून आजारी पिल्लांचा बाजार उभा राहतो.

या सर्व लहान जाती बाहेरून आलेल्या आहेत, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या ग्राहकाने विशेष लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्राच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा कारवान आणि पश्मी या जाती देशावरच्या, शिकारीच्या आणि उंच अंगाच्या. कोकणात खळ्यात पडून राहणारा, पेज आणि माशाची डोकी खाऊन घर राखणारा गावठी कुत्रा हाच परंपरेने घरचा कुत्रा होता. लहान जातींची पैदास करण्याची परंपरा सिंधुदुर्गात तयार झाली नाही, त्यामुळे खरेदीसाठी घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठणे, बांद्यापलीकडे गोव्यात जाणे, अथवा थेट पुण्या-मुंबईकडे वळणे हेच मार्ग उरतात. सावंतवाडीहून गोव्यात किंवा आंबोलीमार्गे बेळगावला सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. मुंबई मात्र मालवणपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. हे अंतर पुढच्या अनेक चुकांच्या मुळाशी असते, कारण लांबचा ग्राहक प्रत्यक्ष न जाता मोबाइलवरच्या छायाचित्रावर भिस्त ठेवतो.

वेळेचा विचार वयापासून सुरू करावा लागतो. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले असून, त्यांनुसार आठ आठवड्यांहून कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही. ही मर्यादा सर्व जातींसाठी किमान म्हणून घातलेली आहे. अतिलहान जातींच्या बाबतीत जाणते पैदासकार पिल्लाला दहा ते बारा आठवड्यांपर्यंत आईपाशी ठेवतात आणि तेच योग्य होय. याचे कारण शरीरात आहे. सातशे-आठशे ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो, त्यामुळे प्रवास, थंडी, जुलाब किंवा एका वेळचे अन्न चुकणे एवढ्यानेही रक्तातील साखर एकाएकी उतरते. पिल्लू मलूल होते, झोकांड्या देते, कधी झटके येतात, आणि वेळेवर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून दवाखाना गाठला नाही तर काही तासांत दगावते. नव्या घरी आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेलेल्या कित्येक पिल्लांबद्दल ‘नजर लागली’ किंवा ‘हवा मानवली नाही’ असे म्हटले जाते. अशा वेळी पिल्लू किती आठवड्यांचे होते, हे विचारायचे राहून जाते.

दुसरीकडे, फार उशीर करणेही बरे नाही. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या पिल्लांवर अनेक वर्षे निरीक्षणे करून १९६५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू माणसे, इतर प्राणी, आवाज आणि जागा यांच्याशी जे नाते जोडते ते जन्मभर टिकते. या काळाला समाजीकरणाचा काळ म्हणतात. पहिले सात-आठ आठवडे आई आणि भावंडे यांच्याकडून पिल्लू दात किती जोराने लावावेत हे शिकते, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत घरातल्या माणसांची, भांड्यांच्या आवाजाची, पायऱ्यांची आणि परक्या पाहुण्यांची त्याला सवय होते. म्हणून दहा-बारा आठवडे आईपाशी ठेवलेले पिल्लू घेताना त्याचे हे दिवस कसे गेले, ते माणसांत वावरले की मागच्या पडवीतल्या पिंजऱ्यात, हे पाहणे वयाइतकेच महत्त्वाचे ठरते.

वय सांगितले जाते तेवढे खरे आहे काय, हे ताडून पाहण्याची एक साधी खूण ग्राहकाच्या हाती असते, ती म्हणजे दात. पिल्लाचे दुधाचे दात एकूण २८ असतात. पुढचे दात आणि सुळे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, तर दाढा साधारण आठव्या आठवड्यापर्यंत बाहेर येतात. दोन महिन्यांचे म्हणून दाखवलेल्या पिल्लाचा ओठ हलकेच वर करून पाहिल्यावर मागे नुसत्या हिरड्या दिसल्या आणि सुळ्यांची टोके नुकती वर आलेली असली, तर ते पिल्लू बहुधा पाच आठवड्यांच्या आतबाहेर असते. अतिलहान जातींत दात थोडे उशिरा येऊ शकतात, तेव्हा या एका खुणेवर निवाडा करू नये. पण पिल्लाला कोरडे किंवा भिजवलेले अन्न स्वतःहून खाता येते काय, ते सरळ चालते काय आणि भावंडांशी झोंबते काय, हे सोबत पाहिले की शंका फारशी उरत नाही.

वयाचा हिशेब लसीकरणाशी बांधलेला आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, जी रोगप्रतिकारशक्ती मिळते ती काही आठवड्यांत ओसरते. परंतु ती असेपर्यंत लसीचा परिणाम नीट होत नाही, आणि ती ओसरण्याचा दिवस प्रत्येक पिल्लाचा वेगळा असतो. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत लसीच्या मात्रा पुन्हा पुन्हा दिल्या जातात आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात दिली जाते. एक लस दिली आहे, आता भीती नाही, असे जे विक्रेते सांगतात ते अर्धवट बोलतात, कारण मधल्या फटीत पार्वोसारखा रोग गाठू शकतो. पार्वो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याने रक्ती जुलाब आणि उलट्या होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत कोरडे पडते, आणि हा विषाणू जमिनीवर व वस्तूंवर महिनोन् महिने टिकून राहतो. ज्या घरात आधीचे पिल्लू पार्वोने गेले तेथे नवे पिल्लू लगेच आणणे म्हणजे त्याच रोगाच्या तोंडी देणे होय.

आता या सोळा आठवड्यांचा मेळ कोकणच्या ऋतूंशी घालून पाहिला पाहिजे, आणि किनाऱ्यावरचा निर्णय देशावरच्या निर्णयापासून येथेच वेगळा होतो. सिंधुदुर्गात मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस पडतो आणि तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. या काळात खळे चिखलाने भरते, पिल्लाला शी-शूसाठी बाहेर नेण्याची सवय लावता येत नाही, दाट केसांच्या जातींच्या अंगाला बुरशी धरते आणि वीज गेली की अंग कोरडे करण्याचे साधनही राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट लेप्टोची आहे. लेप्टोस्पायरोसिस हा उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीवाटे साचलेल्या पाण्यात जाणाऱ्या जिवाणूंचा रोग असून, भातशेतीच्या दिवसांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत माणसांनाही तो होतो. कुत्र्यांच्या एकत्रित लसीत त्याच्या काही प्रकारांवरची मात्रा असते. ती दोनदा द्यावी लागते आणि दरवर्षी पुन्हा द्यावी लागते, शिवाय तिच्यात नसलेल्या प्रकारांपासून ती पूर्ण संरक्षण देईलच असे नाही. जुलैमध्ये आणलेले आठ आठवड्यांचे पिल्लू या सर्व संकटांना सर्वांत कच्च्या वयात सामोरे जाते.

चतुर्थीचा मोहही याच कारणासाठी आवरावा. घरी चाकरमानी आलेले असतात, मुले एकत्र असतात आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीतून पिल्लू आणणे सोयीचे वाटते. पण भाद्रपदात पाऊस सरलेला नसतो, घरात भजन, आरत्या, फटाके आणि पाहुणे यांची वर्दळ असते, प्रत्येक जण पिल्लाला उचलतो आणि मोदकाचा तुकडा भरवतो. गौरी-गणपती विसर्जन होऊन माणसे परत गेली की पंधरा दिवस हातावर वाढलेले पिल्लू वृद्ध आई-वडिलांकडे राहते, ज्यांना ते हवे होते की नाही हे कोणी विचारलेले नसते. मे महिन्याच्या सुट्टीतले पिल्लूही असेच मृगाच्या तोंडावर येते आणि वर उकाडाही सोसते. कुत्रे अंगातून घाम गाळून थंड होत नाही. धापा टाकत तोंडातली वाफ बाहेर सोडून ते अंग निववते, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही वाफ सहजासहजी उडत नाही. त्यामुळे पाऱ्याचा आकडा देशाच्या मानाने कमी असला तरी चपट्या नाकाच्या पिल्लाची दमछाक येथे अधिक होते.

मृगाकडून उलट मोजत गेले तर सोयीचा काळ कोणता ते स्पष्ट होते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेले पिल्लू दिवाळी सरल्यावर नोव्हेंबरच्या मध्यास किंवा अखेरीस दहा आठवड्यांचे होते. डिसेंबरात त्याला रेबीजची लस मिळते, नव्या वर्षाच्या सुरुवातीला सोळा आठवड्यांची शेवटची मात्रा पुरी होते, आणि त्यानंतरचे पाच कोरडे महिने बाहेर फिरण्याची, अंघोळीची, गळपट्ट्याची आणि घराबाहेर विधी करण्याची सवय लावायला मिळतात. पाऊस सुरू होतो तेव्हा ते नऊ महिन्यांचे असते, आणि लहान जातींची वाढ या सुमारास बरीचशी पुरी झालेली असते. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने अशा पिल्लाची आई जुलैत फळलेली असणार, आणि म्हणून चांगल्या पैदासकाराशी बोलणे ऑगस्टमध्येच व्हायला हवे. पाऊस पडत असताना चौकशी, ऑक्टोबरमध्ये आई आणि वेत पाहायला एक फेरी आणि नोव्हेंबरमध्ये पिल्लू आणायला दुसरी, असा क्रम लावावा.

या हिशेबाला अपवाद आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. मालवण, तारकर्ली, देवबाग येथील ज्या कुटुंबांचा चरितार्थ पर्यटकांवर चालतो त्यांचा हंगाम दिवाळीपासून सुरू होऊन नाताळ आणि वर्षअखेरीस भरात येतो. त्या दिवसांत घरातल्या बाईला दिवसातून चार-पाच वेळा पिल्लाला भरवायला उसंत नसते. अशा घरांनी जानेवारीच्या उत्तरार्धात पिल्लू आणणे चांगले, कारण मार्चच्या मध्यापर्यंत त्याचे लसीकरण पुरे होते आणि पावसापर्यंत ते सात महिन्यांचे होते. दोडामार्ग आणि बांदा परिसरात आणखी एक विचार करावा लागतो. तेथे २०१६ आणि २०१७ मध्ये माकडतापाची साथ आली. हा रोग रानातल्या गोचिडीच्या चाव्याने माणसाला होतो आणि त्याचा जोर नेमका पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत असतो. कुत्र्यांच्या अंगावर नेहमी आढळणारी घराभोवतालची तपकिरी गोचीड वेगळी, आणि ती कुत्र्यांत निराळे ताप आणते. तरीही रानाला लागून असलेल्या घरांनी पिल्लाला काजूच्या बागेत किंवा पालापाचोळ्यात मोकळे सोडू नये आणि अंगावरची गोचीड उघड्या हाताने चिरडू नये.

ठिकाणाच्या प्रश्नात सर्वांत आधी पाहावी ती आई. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून, दीड वर्षाहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठ्या कुत्रीपासून वेत घेता येत नाही, वर्षाला एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि तिच्या सबंध आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ देता येत नाहीत. पिल्लाची लस, आरोग्य आणि ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप यांचीही जबाबदारी पैदासकारावर टाकली आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम आले आणि त्यांनाही नोंदणी सक्तीची झाली. नियम चांगले आहेत. पण कागदावरचा नियम ग्राहकाने विचारल्याशिवाय अमलात येत नाही, आणि नोंदणी क्रमांक विचारणारे ग्राहक आपल्याकडे थोडे आहेत. कुत्रीचे अंग खंगलेले, सड लोंबलेले आणि डोळे विझलेले दिसले, किंवा ‘आई गावाला आहे’, ‘आई चावते म्हणून दाखवत नाही’ अशी उत्तरे मिळाली, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी परत फिरावे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांहून लहान पिल्लू दलालामार्फत विकण्यास बंदी आली आणि जन्मस्थळी, आईसमवेत पिल्लू दाखवणे विक्रेत्याला भाग पडले. ज्या कुत्रीच्या नावाने तो कायदा ओळखला जातो ती ल्यूसी लहान जातीचीच, सतत वेते घेऊन शरीर मोडलेली एक स्पॅनियल होती. भारतात तेवढा कडक कायदा नसला तरी तोच नियम ग्राहकाला स्वतःपुरता पाळता येतो.

कागदपत्रांबद्दलचा गैरसमजही दूर व्हायला हवा. १८९६ मध्ये स्थापन झालेली आणि आज चेन्नईहून चालणारी केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था पिल्लांच्या वंशावळीची नोंद ठेवते. तिचे प्रमाणपत्र म्हणजे आई-बाप नोंदणीकृत असल्याचा पुरावा होय, आरोग्याची हमी नव्हे. ज्याला प्रदर्शनात उतरायचे नाही त्याने या प्रमाणपत्रापेक्षा लसीचे पुस्तक बारकाईने पाहावे. त्यात लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले, त्यावर लसीचा गट क्रमांक आणि मुदत वाचता येणारी, शेजारी तारीख आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक असलेला शिक्का असावा. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा म्हणजे लस दिल्याचा पुरावा मानू नये. नाकपुड्या उघड्या आहेत काय, विश्रांतीत श्वास घुरघुरतो काय, बेंबीशी गाठ आहे काय, पोट टम्म फुगलेले असून अंग मात्र बारीक आहे काय, म्हणजे जंत आहेत काय, आणि मागचा पाय उचलून चालताना मध्येच उडी मारते काय, म्हणजे गुडघ्याची वाटी सरकते काय, हे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. हा वाटीचा दोष लहान जातींत नेहमी आढळतो आणि आईबापांकडून येतो.

सर्वांत वाईट खरेदी ती पार्सलची. छायाचित्र दाखवून, पैसे आगाऊ घेऊन, मुंबई किंवा पुण्याहून रात्री सुटणाऱ्या खाजगी बसच्या चालकाकडे टोपलीत पिल्लू सोपवायचे आणि पहाटे महामार्गावरच्या थांब्यावर ग्राहकाने ते उतरवून घ्यायचे, असे प्रकार घडतात. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांनुसार कुत्र्याबरोबर पशुवैद्यकाचे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र असायला हवे. ते बहुधा नसतेच, आणि दहा-बारा तास अन्नपाण्यावाचून, घाटातल्या वळणांत ओकत आलेल्या अतिलहान पिल्लाची साखर उतरण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. कोकण रेल्वेनेही पिल्लू आणणे सोपे नाही, कारण कुत्र्याला प्रवाशासोबत नेण्याची मुभा पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे किंवा केबिन राखून ठेवल्यासच मिळते, एरवी गार्डच्या डब्यातली पेटी हाच पर्याय असतो आणि ती पिल्लासाठी नाही. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने, सकाळच्या गारव्यात, मांडीवरच्या टोपलीत आईच्या अंगाचा वास असलेले फडके घालून आणि दर दोन तासांनी थांबून आणणे हाच बरा मार्ग आहे. म्हणूनच तीन-चार तासांच्या टप्प्यातले कोल्हापूर, बेळगाव किंवा गोवा मुंबईपेक्षा श्रेयस्कर ठरते, अर्थात तेथे आई पाहायला मिळत असेल तर.

जातीची निवड हा स्वतंत्र विषय असला तरी किनाऱ्यापुरते काही सांगणे भाग आहे. पग आणि त्यासारख्या चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली, पण घशातले मऊ मांस तेवढेच राहिले, त्यामुळे श्वासाचा मार्ग अरुंद होतो. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०२२ मधील अभ्यासात असे म्हटले होते की, आरोग्याच्या दृष्टीने पगला सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही इतका तो वेगळा पडला आहे. नेदरलँड्सने तर २०१९ पासून, नाकाडाची लांबी कवटीच्या किमान एक तृतीयांश नसलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंधन घातले. एप्रिल-मेमध्ये वीज गेलेल्या दुपारी मालवणात पग पाळणे हे त्या प्राण्यावर लादलेले ओझे आहे, आणि ज्यांना ते टाळता येईल त्यांनी टाळावे. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो यांचे केस बारमाही आखूड ठेवले तरच दमट हवेत त्यांची कातडी निरोगी राहते. लांब पाठीच्या डॅशहुंडला उंच जोत्याच्या घरातल्या पायऱ्यांवरून उड्या मारू दिल्या तर मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका असतो. दाट केस असूनही इंडियन स्पिट्झ देशातल्या हवेत पिढ्यान् पिढ्या वाढलेला असल्याने, या सर्वांत किनाऱ्यावर त्यातल्या त्यात निभावून नेतो.

आकार लहान असल्याचे परिणाम घराबाहेरही भोगावे लागतात. गावाच्या कडेला येणारा बिबट्या गावठी कुत्राही उचलतो, तेव्हा चार किलोंचे कुत्रे रात्री पडवीत बांधून ठेवणे म्हणजे त्याला गमावण्याची तयारी ठेवणे होय. जांभ्याच्या गडग्यांतून राहणारे फुरसे किंवा आगरातली घोणस चावली तर विषाचे प्रमाण अंगाच्या वजनाच्या मानाने मोठे ठरते. रापण ओढल्यावर वाळूत टाकून दिलेल्या मासळीत केंड माशासारखे, अवयवांत जीवघेणे विष असू शकणारे मासेही असतात आणि पिल्लाला सर्वांत आधी तेच हुंगायचे असते. किनाऱ्यावरची वाळू हुकवर्मच्या अळ्यांनाही मानवते. त्या पिल्लाच्या पोटात जातात आणि अनवाणी मुलांच्या पायाच्या कातडीत शिरून खाज आणतात, म्हणून जंताचे औषध वेळापत्रकाप्रमाणे देणे हा घरातल्या मुलांच्याही आरोग्याचा भाग आहे. कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणासंबंधीच्या २०२३ च्या नियमांनी पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली आहे.

ती जबाबदारी पार पाडायची तर डॉक्टर कोठे आहे, हे पिल्लू आणण्याआधी ठरवले पाहिजे. पशुसंवर्धन विभागाचे श्रेणी एकचे दवाखाने पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे, तर श्रेणी दोनचे दवाखाने पशुधन पर्यवेक्षकांकडे असतात, आणि त्यांचे बहुतेक काम गाई-म्हशी व शेळ्यांचे असते. कुत्र्याच्या लसी पुष्कळदा मालकालाच विकत आणाव्या लागतात, आणि या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवल्या नाहीत तर निकामी होतात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या भागात ज्या दुकानाच्या शीतकपाटाला जनित्राचा आधार नाही तेथून घेतलेली लस टोचल्याने फक्त समाधान मिळते. शिरेतून सलाइन लावण्याइतकी बारीक सुई, रक्ततपासणी आणि रात्री उपलब्ध असलेला पशुवैद्यक हे तिन्ही आपल्या गावापासून तासाभराच्या आत आहेत काय, याची खात्री ज्या घराला करता येत नाही, त्याने निदान अतिलहान जातींचा विचार सोडून द्यावा. दवाखाना आधी आणि पिल्लू नंतर, हा क्रम श्रीमंतीचा नाही. लसीकरणाचा खर्च धरूनही तो एका चुकलेल्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतो.

लहान जातीचे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते, म्हणजे आज दहावीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले कुत्रे तो नोकरीला लागून मुंबईला गेल्यावरही पुष्कळ वर्षे घरात असणार आहे. ज्या घरात साठीपुढची दोनच माणसे आहेत त्यांच्यासाठी चार-पाच वर्षांचे, मालकाची बदली झाल्यामुळे किंवा परदेशी गेल्यामुळे घर शोधणारे कुत्रे पिल्लापेक्षा चांगले, कारण त्याचा स्वभाव आणि आजार दोन्ही ठाऊक झालेले असतात आणि पहिल्या सोळा आठवड्यांची कसरत करावी लागत नाही. आणि ज्यांना जात नको आहे, सोबत हवी आहे, त्यांच्यासाठी किनाऱ्यावरच एक वाट आहे. गावठी कुत्र्या बहुधा वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येऊन थंडीच्या दिवसांत वितात, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषात वाडीवाडीत कोणाच्या ना कोणाच्या मांगरात पिल्ले असतात. त्यांची आई समोर असते, जन्मतारीख शेजाऱ्यांना ठाऊक असते आणि येथली हवा त्यांच्या रक्तातच असते. ती दहा किलोंच्या आत राहणार नाहीत. पण आठ आठवडे आईचे दूध पिऊ दिले, लस आणि जंताचे औषध वेळेवर दिले आणि सहा-सात महिन्यांनंतर निर्बीजीकरण करून घेतले, तर मार्च-एप्रिलपर्यंत लसी पूर्ण झालेले, खळ्यात रुळलेले एक निरोगी कुत्रे घरात असते, आणि त्यासाठी घाट चढावा लागत नाही.